अनुक्रम

फोन प्लास्टरमध्ये पडला तेव्हा माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, साच्यावर मेण लावतो आणि मेणात एकेक दात बसवतो. त्या दिवशी साच्यांचे तळ भरायला घमेलंभर प्लास्टर कालवलं होतं. मी वाकलो आणि ॲप्रनच्या वरच्या खिशातला फोन सुळकन निसटून त्यात गेला. आवाजही झाला नाही. पांढरं पाणी जरासं हललं आणि पुन्हा सारखं झालं. पलीकडच्या टेबलावर धातूच्या टोप्या ओतणारा माझा जोडीदार बसतो, त्याला सगळे मेटलवालाच म्हणतात. तो ओरडला, "अरे, बघतोस काय? काढ ना!" मला ते ऐकू आलं, कळलंही, पण हात घालावा असं काही वाटलं नाही. बघता बघता प्लास्टर आवळायला लागलं. शेवटी तोच उठून आला, कोपरापर्यंत हात घालून त्याने फोन वर काढला, म्हणजे फोन पोटात असलेला एक पांढरा गोळा काढला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. "घे, मुलगा झाला," म्हणाला. प्लास्टर घट्ट होताना तापतं हे मला काही नवं नाही. तरी तो गोळा हातात कोमट होत गेला, चांगलाच गरम झाला आणि मग गार पडायला लागला, तेव्हा मी त्याच्याकडे बघत बसलो. बायको गेली तेव्हा मी तिचा हात धरून बसलो होतो. तो गार झालाय हे मला नर्सने सांगितलं.

दुरुस्तीवाल्याने गोळा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हा फोन आहे की मूर्ती?" मग हातोडीने हलकेच ठोकून, ब्रशने झाडून त्याने जे काही आत होतं ते उघडलं. "काका, भोकाभोकांत गेलंय हो. हा गेला." मी बरं म्हणालो. त्याला वाटलं, माणूस धीराचा आहे. गेल्या हिवाळ्यापासून सगळ्यांनाच तसं वाटतंय. बायको गेल्यावर मी रडलो नाही, अंथरूण धरलं नाही, आठवडा व्हायच्या आत कामावर गेलो आणि एका म्हातारबुवांची खालची कवळी पुरी केली. "सावरलास हं," असं लोक म्हणाले. सावरायला आधी पडावं लागतं, आणि मी पडलोच नव्हतो. हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं की ओठ जाड होतो, आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटतो. चावला गेला तरी कळत नाही, आरशात रक्त दिसलं की कळतं. माझं तसं चाललं होतं. फरक इतकाच की इंजेक्शन थोड्या वेळात उतरतं. रस्त्याने घरी येताना मी फोनचे तुकडे खिशात खुळखुळवत होतो, आणि समोरून येणाऱ्या माणसांच्या तोंडांकडे बघत होतो. धंद्याची खोड आहे. कोणाची दाढ पडलीय, कोणाची कवळी ढिली आहे, एवढंच मला माणसांचं दिसतं, आणि अलीकडे तेवढ्याने भागत होतं.

फोनचं मला दुःख नव्हतं, पण त्यात पाकीट होतं. चामड्याचं नव्हे, क्रिप्टोचं. मेटलवाल्याच्या नादाने काही वर्षांपूर्वी मी ते उघडलं आणि पगार झाला की चिमूटभर त्यात टाकत आलो. "दात कोरून कुठे पोट भरतं का?" असं बायको म्हणायची, आणि माझा धंदा पाहता हे बोलायचा तिला पुरेपूर हक्क होता. पण भरलं. कसं कोण जाणे, त्या चिमटीचं वाढत वाढत मुलीच्या जागेपुरतं झालं. मुलगी दुसऱ्या शहरात असते. अडखळत बोलणाऱ्या मुलांना ती बोलायला शिकवते, आणि इतकी वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत शिकवते. वरून कोणी उतरलं की मुलं दचकतात आणि जिभेवर आलेला शब्द गिळतात, असं ती सांगते. आता तिला स्वतःची खोली मिळत होती, चांगली खिडकीची. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, आणि बाबा देणार हे ठरलेलं होतं. बायकोने शेवटच्या आजारात औषधांचं विचारलं नाही, पुढे काय होणार ते विचारलं नाही. हे मात्र पुन्हापुन्हा विचारलं, "अहो, पोरीच्या खोलीचं नक्की ना?" मी नक्की म्हणालो होतो.

म्हणून फोन गेला तरी मी घाबरलो नाही. फोन म्हणजे नुसतं दार. त्याची खरी किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबच लांब माळ असते, ती कोणाच्या बापाला पाठ व्हायची नाही, म्हणून पाकीट उघडतानाच ते तुम्हाला इंग्रजीतले साधे चोवीस शब्द देतात. ते कागदावर उतरवून ठेवायचे. फोटो काढायचा नाही, कोणाला दाखवायचे नाहीत. मग फोन हरवो, जळो की प्लास्टरात बुडो, नव्या फोनमध्ये तेच शब्द त्याच क्रमाने घातले की किल्ली पुन्हा तयार होते. आणि आमच्या घरात कागद सांभाळायचं खातं बायकोकडे होतं. ती सूची करायची. जाड पुस्तकांच्या शेवटी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती. छापखान्यातून गठ्ठे यायचे, ती वाचता वाचता शब्द कार्डांवर टिपायची आणि मग ती कार्डं अक्षरांच्या क्रमाने लावायची. जन्मभर तिने हेच केलं आणि घरालाही तेच वळण लावलं. डबे अक्षरांप्रमाणे, औषधं अक्षरांप्रमाणे. पाहुणे स्वयंपाकघरात मीठ शोधायला लागले की मी बाहेरून ओरडायचो, "म मध्ये बघा!" तिला हसू यायचं नाही. "वस्तू जागच्या जागी असली की डोकं मोकळं राहतं," असं ती म्हणायची. घरातल्या कागदांसाठी कपाटात एक लांब लाकडी खण होता आणि त्यात अक्षरांचे पुठ्ठे. मी आधी 'प' मध्ये पाकीट शोधलं, मग 'क' मध्ये क्रिप्टो, मग 'श' मध्ये शब्द. मिळालं ते 'न' मध्ये. तिच्या उभ्या, टोकदार अक्षरांत एका लिफाफ्यावर लिहिलं होतं, 'नवऱ्याचे उद्योग'. आत एकच कार्ड. दुसरा कोणी हसला असता, नाहीतर रडला असता. मी कार्ड घेऊन टेबलाशी बसलो आणि नवा फोन चालू केला.

अँकर, ब्लँकेट, ब्रिज, कॅसल, असे एकेक शब्द मी घातले. शेवटचा होता विंडो. फोन म्हणाला, शब्द बरोबर नाहीत. मी पुन्हा घातले. पुन्हा तेच. चष्मा पुसून मी स्पेलिंग तपासलं, ते निर्दोष होतं. मग लहान मूल वाचतं तसं बोट ठेवून मी वरपासून खाली यायला लागलो, आणि बोट मध्यावर आलं तेव्हा थांबलं. ए, बी, बी, सी. मग डी, एफ, के, एल. वाचायची गरजच नव्हती, नुसती पहिली अक्षरं बघितली तरी पुरे होतं. तिने ते अक्षरांच्या क्रमाने लावले होते.

ती संध्याकाळ मला आठवली, म्हणजे आधीपासून होतीच, फक्त समोर आली. फोनने दाखवलेले शब्द मी एका वापरलेल्या लिफाफ्याच्या मागे खरडले होते, तीन तिरक्या ओळींत, आकडे न घालता. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुठल्याशा पुस्तकाची कार्डं लावत बसली होती. मान न वळवता म्हणाली, "हे काय कोंबडीचे पाय काढलेत? आणा इकडे, नीट लिहून ठेवते." मी लिफाफा सरकवला. "एक अक्षर चुकता कामा नये हं. आणि कोणाच्या नजरेला पडता कामा नये." यावर ती फक्त म्हणाली, "मला सांगता?" तिने लिहिलं, माझ्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केल्या, मग लिफाफा बारीक बारीक फाडला, वाटीभर पाण्यात भिजवला आणि त्याचा लगदा करून टाकून दिला. सगळं माझ्यादेखत. मी अक्षराचं बोललो, नजरेचं बोललो. क्रमाचं बोललो का, ते आठवत नाही. नसेनच बोललो. मेणात दात बसवणाऱ्याला क्रम वेगळा सांगावासा वाटत नाही, सुळा सुळ्याच्याच जागी असतो आणि दाढ दाढेच्या. आणि तिला क्रम शिकवायची तर कोणाची टाप होती? विस्कटलेले शब्द दिसले की ते लावून ठेवायचे, हे तिच्या हाताला ठाऊक होतं, त्यासाठी डोक्यापर्यंत जायची गरजच नसे. शिवाय त्या वेळी तिच्यापुढे कार्डांचा ढीग होता आणि हात चालूच होते. एखाद्या गबाळ्या बाईने शब्द जसे होते तसे उतरवले असते, आणि खोली मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी मी मेटलवाल्याला सहज म्हणून विचारलं, की शब्द सगळे आहेत पण क्रम गेला, तर काय होतं. तो टोपीला पॉलिश करत होता, मशीन बंद करून म्हणाला, "बारा असतील तर एखादा कॉम्प्युटर घोकून घोकून काढेल. चोवीस असतील तर विसरायचं. आपण बसलो, आपली पोरं बसली, त्यांची पोरं बसली, तरी नाही." मी मान हलवली. "म्हणजे सगळे दात टेबलावर आहेत आणि जबडाच हरवलाय," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसता हसता एकदम थांबला. "तुझे नाहीत ना?" "नाही रे, ओळखीतल्या एकाचे आहेत." तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, मग त्याने मशीन चालू केली. धातूची बारीक धूळ उडाली, तिचा वास नाकात बसला, आणि मी कोणाच्या तरी पुढच्या दातांना मेण लावायला घेतलं.

नाही म्हणजे नाही हे समजूनही मी घरी आलो की बसायचो. बायकोची कोरी कार्डं गठ्ठ्याने उरली होती. एकेका कार्डावर एकेक शब्द लिहून मी ते टेबलावर मांडायचो, बदलायचो, फोनमध्ये घालायचो. बरोबर नाहीत, म्हणायचा फोन. मी पुन्हा मांडायचो. कंटाळा येत नव्हता, आशाही वाटत नव्हती. हातांना काम होतं एवढंच. एक शब्द मात्र पक्का आठवत होता. टूथ. तो लिहिताना मी त्या संध्याकाळी हसून म्हणालो होतो, "बघ, दातसुद्धा आहे यात." म्हणजे तो बराच वरती असणार, नंतर मी हसायच्या पलीकडे कंटाळलो होतो. त्याच्या पुढे कोण होतं? डोळे मिटले की लगेच अम्ब्रेला यायचं. अगदी स्पष्ट यायचं, माझ्या तिरक्या अक्षरात, लिफाफ्याच्या डिंकाच्या कडेला. मग लक्षात यायचं की तिच्या कार्डावर टूथच्या खाली अम्ब्रेलाच आहे. मी तिचं कार्ड इतक्यांदा वाचलं होतं की लिफाफाही तिच्या क्रमाने आठवायला लागला होता. माझ्या डोक्यातला पसाराही तिने आवरून ठेवला होता. हे ध्यानात आलं त्या दिवशी मी समोरच्या खुर्चीला मोठ्याने म्हणालो, "कोणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?" आवाज भिंतीवर आदळून परत आला. मला राग आला होता. कानशिलं तापली होती, आणि त्या रागातही मला बरं वाटलं, कारण बऱ्याच दिवसांत मला काहीतरी येत होतं. मी तो टिकवायचा प्रयत्न केला. तिच्या आणखी चुका आठवून पाहिल्या. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणावर काढणार? राग गेला आणि पुन्हा ओठ जाड झाल्यासारखं झालं.

मग एकदा फोन काही बोलला नाही. नेहमीसारखे मी शब्द घातले होते, कुठल्या क्रमाने तेही फारसं न बघता, आणि पडद्यावर एक चकती गरगर फिरायला लागली. मनगटावरची शीर उडताना मला दिसली. पाकीट उघडलं. आत शून्य होतं. स्वच्छ, नीटनेटकं शून्य, खाली 'अद्याप एकही व्यवहार नाही' असं लिहिलेलं. मी ते बराच वेळ बघत राहिलो. मेटलवाल्याला ओळखीतल्या त्याच माणसाचं नाव पुढे करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बसतो असा मेळ कधीकधी. किल्ली खरीच असते, पण घर भलतंच. तिथे कधी कोणी राहिलेलंच नसतं." 'ओळखीतला' माणूस कोण, ते तो आता समजला होता. त्याने न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला. ते रिकामं पाकीट मी पुसलं नाही. दोन-तीनदा, काही कारण नसताना, पुन्हा उघडून पाहिलं.

महिना संपत आला तशी मुलीला सांगावंच लागलं की फोन बिघडला आणि शब्द सापडत नाहीत. "सापडत नाहीत म्हणजे?" ती म्हणाली. "आईच्या हातचं काही सापडत नाही असं झालंय का कधी? मी येते. मी शोधते." ती येणार त्या सकाळी मी कार्ड खणातून काढून शर्टाच्या खिशात घातलं. लिफाफा तिथेच ठेवला. काय सांगायचं ते माझं ठरत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर बिघडत काय होतं? पैसे तर दोन्हीकडून गेलेलेच होते. पण मुलगीही डबे अक्षरांप्रमाणे लावते. तिच्या त्या जिन्याखालच्या खोलीत खेळण्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या आहेत, क्रमाने. पोरीच्या खोलीचं नक्की ना, असं विचारत विचारत जी गेली, तिनेच आपल्या हाताने त्या खोलीला कुलूप घातलं होतं, आणि हे तिला कळलं नाही. ते आता जगात एकट्या मला माहीत होतं. एकदा सांगितलं की मुलगी कुठलाही डबा उघडो, तिला तेच दिसलं असतं.

ती आली, पाणीसुद्धा न पिता कपाटाशी गेली आणि खण ओढून जमिनीवर मांडी घालून बसली. 'प' बघितला, 'क' बघितला, 'श' बघितला. अगदी माझ्याच वाटेने चालली होती. मग 'न' मध्ये तिला लिफाफा मिळाला. "नवऱ्याचे उद्योग!" ती खळखळून हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. तिने लिफाफा उघडला, उलटा करून झटकला. "बाबा, हा रिकामा आहे."

"त्यातच होतं," मी म्हणालो. "मी काढलं. मेटलवाल्याला काहीतरी विचारायचं होतं म्हणून कामावर नेलं. तिथे कुठे ठेवलं, आठवत नाही. प्लास्टरच्या रिकाम्या पिशव्यांबरोबर कचऱ्यात गेलं असणार."

"नेलं? तुम्हीच सांगायचात ना, कोणाला दाखवायचं नाही म्हणून?"

"हो."

"मग?"

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज येत राहिला. मुलीने लिफाफा मांडीवर ठेवून हाताने सपाट केला, पुन्हा सपाट केला. "मी मालकाला काय सांगू? मुलांच्या आयांना सांगून बसलेय मी, की पुढच्या महिन्यापासून खिडकीची खोली." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आणि तुम्ही हे असं सांगताय, जसं काही दुसऱ्याच कोणाचं हरवलंय. तुम्हाला काही वाटतच नाही का हो? आई गेली तेव्हाही असेच उभे होतात तुम्ही. भिंतीसारखे."

"वाटतं," मी म्हणालो. ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

मग तिने नाक पुसलं, लिफाफा पुन्हा 'न' च्या पुठ्ठ्यामागे उभा लावला, मागचेपुढचे कागद सारखे केले आणि खण हलकेच आत ढकलला. "राहू दे," म्हणाली. "जिन्याखाली काय, मुलं तिथेही शिकतात. जरा सावकाश शिकतात एवढंच." उठता उठता तिने कपाटाच्या दारावर हात ठेवला, आणि मग ती जे बोलली ते माझ्याशी बोलली की त्या कपाटाशी, मला सांगता येणार नाही. "कशाला हलवलंत हो तिथून? तिने ठेवलं होतं तसंच राहू दिलं असतं, तर आज मिळालं असतं. आईने किती नीट ठेवलं होतं."

"हो," मी म्हणालो. "एक अक्षर चुकलं नव्हतं तिचं."

खिशातल्या कार्डाचा कोपरा छातीला टोचत होता. मी तो सरळ करायला हात वर नेला, तोच मुलगी दोन पावलं पुढे आली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू तिला घरात कोणी अनोळखी माणूस दिसला होता.

"बाबा," ती म्हणाली, "रडताय तुम्ही."

मी गालाला हात लावून बघितला. ओला होता.